सात नंबरचा चिखल

३ मार्च

निवृत्तीला एक वर्ष आणि एक महिना राहिला. ही म्हणाली, "तुमची चिडचिड कुठेतरी लिहून काढत जा, घरात जरा शांतता नांदेल." म्हणून वही आणली. ही म्हणजे माझी बायको. वही कुणाच्या हाती पडलीच तर घोटाळा नको.

आज खाडीच्या सर्वेक्षणाचा पहिला दिवस. मुखापासून आतपर्यंत दहा ठिकाणं ठरवली आहेत. प्रत्येक ठिकाणी ओहोटीला चिखलात नळा खुपसायचा, वीतभर गाळ उपसायचा, चाळणीवर धुवायचा आणि मागे राहील ते बाटलीत भरायचं. मागे राहतात शिंपल्यांचे तुकडे, काड्या आणि माझे किडे. शास्त्रात त्यांना वलयी कृमी म्हणतात, कारण अंग म्हणजे एकापुढे एक ओवलेल्या कड्या. लोक नाक मुरडतात. मी त्यांच्यापायी चौतीस वर्षं घालवली. कुठल्या चिखलात कोण राहतं ते कळलं की त्या चिखलाची तब्येत कळते.

सात नंबरला माझा पाय चुकला आणि मी ओहोळात मांडीपर्यंत गेलो. होडीवाल्याने आधी सांगायला नको? वर म्हणतो, "समोरच तर होता, साहेब." माझ्या मदतनीस बाई तोंड फिरवून चाळणी धूत होत्या, म्हणजे हसत असणार. मला बाहेर ओढलं मात्र त्यांनीच. एक बूट चिखलाने ठेवून घेतला.

८ मार्च

आजपासून निवड सुरू. आमची खोली तळमजल्यावर आहे, एका बाजूला मोरी, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत बाटल्या, मध्ये दोन टेबलं. एकावर बाई, एकावर मी. फॉर्मॅलिनच्या वासाने पाहुणे दारातूनच परत जातात, हा एक फायदा.

बाई पांढऱ्या ताटात गाळ पसरतात. गाळाला गुलाबी रंग दिलेला असतो, त्यामुळे जे जिवंत होतं ते गुलाबी दिसतं. मग चिमट्याने एकेक किडा वेचायचा. किडे धुताना तुटतात, म्हणून फक्त डोकी मोजायची. शेपट्या शंभर मिळाल्या तरी हिशेबात नाहीत. बाई इथे बाटल्या धुवायला आल्या होत्या. सव्वीस वर्षांपूर्वी एकदा मी रजेवर असताना त्यांनी एक ताट निवडून ठेवलं. माझ्या निवडीपेक्षा त्यात अकरा डोकी जास्त निघाली. तेव्हापासून निवड त्यांच्याकडे आणि ओळख पटवणं माझ्याकडे. शिक्षण सातवीपर्यंत, पण हात असा की केसाएवढा किडासुद्धा मोडत नाही.

मी शिकवलेलं, भिंगाखालची ओळखसुद्धा, त्यांनी भराभर उचललं, हे श्रेय थोडं माझंही आहे.

१५ मार्च

सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलून घेतला. नवा दिवाही तसलाच, पिवळट. हल्ली कुठल्याच वस्तूत दम राहिलेला नाही. भिंग तीनदा पुसलं. बाईंनी चौथ्यांदा पुसून दिलं आणि म्हणाल्या, "भिंग स्वच्छ आहे, सर. तुम्ही डोळे कधी दाखवले होते?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही ताट बघा."

एवढ्या जोरात म्हणायची गरज नव्हती. पण माझा आवाज त्यांना नवा नाही. दिवसातून दोनदा मी ओरडतोच, आणि त्या मान खाली घालून जे करायचं तेच करतात.

२९ मार्च

सात नंबरची ओळख पूर्ण झाली. मामला गंभीर आहे.

हे नीट लिहून ठेवतो. आमच्या खाडीत दोरीसारखे दोन किडे सापडतात. दिसायला सख्ख्या बहिणी. एक घाण, सडक्या चिखलातच फोफावते. तिला आम्ही गटारी म्हणतो. दुसरी चांगल्या चिखलातली, ती सोज्वळ. खरी नावं लांबलचक आहेत, ती तक्त्यात येतात. फरक एवढाच की गटारीच्या अंगावर सातव्या कडीपर्यंत केस असतात आणि त्यानंतर बारीक आकडे. सोज्वळचे केस चौथ्या कडीलाच संपतात. हे मोठ्या भिंगाखाली, तेल घालून बघावं लागतं.

सात नंबरला एक्केचाळीस निघाल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गटारी. म्हणजे तो सगळा किनारा मेल्यात जमा. बंदराचे लोक उपसलेला गाळ टाकायला जागा शोधताहेत. मेलेल्या चिखलावर टाकायला त्यांना कुणी अडवणार नाही.

बाई म्हणाल्या, "सर, सातच्या काचपट्ट्या परत एकदा बघता का?"

"का?"

"तिथला गाळ हातात घेतला तेव्हा वास नव्हता. काळाही नव्हता."

आता वासावरून किडे ओळखायचे! मी म्हटलं, तुमचा वास तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू? त्या ताट धुवायला उठल्या. जाताना म्हणाल्या, "नाक्यावर नवीन डोळ्यांचा दवाखाना झालाय. माझ्या भावजयीला गुण आला."

९ एप्रिल

रात्रीचे बारा वाजून गेलेत. तरी लिहितो.

सकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. मी त्यांना तोंडी सांगितलं होतं की सात नंबर मेलेला आहे. ते म्हणाले, "अहो, तुम्ही सही केलेला तक्ता माझ्यासमोर आहे. इथे तर दुसरंच लिहिलंय."

मी कच्ची वही काढली. माझ्या अक्षरात, गटारी एक्केचाळीस. मग पक्की प्रत काढली. ती बाई करतात, गेली कित्येक वर्षं, आणि मी खाली सही करतो. बाईंच्या बारीक अक्षरात, गटारी नऊ, सोज्वळ बत्तीस.

खिडकीत जाऊन, वही उन्हात धरून वाचलं. मग मागचे तक्ते काढले. गेल्या वर्षीचे. त्याच्या आधीच्या वर्षीचे. दोन वर्षांपासून माझे आकडे बदललेले आहेत. सगळे नाहीत, कुठे चार, कुठे दहा. आणि खाली माझी सही.

सव्वीस वर्षं जिला हाताला धरून शिकवलं तिने हे करावं. का? कुणासाठी? बंदराच्या विरोधातलं कुणी तिला भेटलं असेल का? बाई दुपारी जेवून आल्या, ताट ओढून बसल्या. मी एक शब्द बोललो नाही. तोंड उघडलं असतं तर काय बोललो असतो देव जाणे. सरळ वरच्या मजल्यावर साहेबांकडे गेलो.

१० एप्रिल

लेखी तक्रार दिली. दीड पान.

हिला सांगितलं. ही पोळपाट तसाच ठेवून बघत राहिली. म्हणाली, "तिला विचारलंत का?"

"विचारायचं काय? दोन्ही कागद समोर आहेत."

"तरी विचारायचं होतं."

बायकांना बायकांचा पुळका. मी न जेवता झोपायला गेलो आणि झोपलो नाही.

१६ एप्रिल

साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. मोठं टेबल, त्यावर दोन्ही वह्या उघड्या. बाई उभ्याच राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

साहेबांनी विचारलं, "हे आकडे तुम्ही बदललेत?"

"हो."

"सरांना न सांगता?"

"हो."

"का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता रडतील, माफी मागतील, मग मीही थोडं सौम्य बोलेन. मी ठरवूनसुद्धा आलो होतो काय बोलायचं ते. त्या साहेबांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली."

बस. कारण नाही, सबब नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, "कुणी सांगितलं होतं का?" तर "नाही." माणूस निर्दोष असता तर स्वतःची बाजू मांडली नसती? त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. पक्की प्रत रद्द झाली, माझ्या कच्च्या वहीतले आकडे टाईप होऊन अहवाल गेला.

संध्याकाळी त्यांनी टेबल पुसलं, निवडायची राहिलेली ताटं झाकून ठेवली, प्रत्येकावर चिठ्ठी लावली. जाताना दारात थांबल्या. "तीन नंबरचं ताट अर्धं झालंय, सर. उजवीकडून सुरू करा."

मी मान हलवली. मी जिंकलो होतो.

२ मे

तीन नंबरचं ताट उजवीकडून सुरू केलं. तीन दिवस लागले. सहा डोकी मिळाली. बाईंनी डाव्या अर्ध्यात सत्तावन्न काढली आहेत. किडे ताटात सारखे पसरत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही सहा म्हणजे फारच झालं.

खोलीत मोरीचा नळ ठिबकतो. इतकी वर्षं ठिबकत असेल, आज ऐकू आला.

२१ मे

हिने अखेर मला दवाखान्यात नेलंच. निमित्त असं की मी किटलीतला चहा कपाच्या शेजारी ओतला आणि "टेबल ओलं कुणी केलं" म्हणून विचारलं. हिने पर्स घेतली आणि चपला घातल्या.

डोळ्यांची डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाली, "काका, हे आजकालचं नाही. दोन-अडीच वर्षं तरी झाली असावीत. तुम्हाला जाणवलं कसं नाही?"

म्हटलं, "मला वाटलं दिवे वाईट आहेत."

ती हसली. बाहेर बाकावर बसलेली दोन माणसंही हसली. मीही हसलो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सहा जूनला.

दोन-अडीच वर्षं. डॉक्टर लोक असंच फुगवून सांगतात.

९ जून

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. आमच्या स्वयंपाकघराची भिंत पांढरी आहे! मी तिला फिक्कट पिवळी समजत होतो. हिच्या केसांत इतके पांढरे कधी झाले? ही म्हणाली, "झाली चार वर्षं." मग काळा चष्मा लावून बसलो. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, वाचन नाही. डॉक्टरने परवानगी दिल्यामुळे तीन ओळी लिहितोय.

वाचन नाही, म्हणून विचार करायला भरपूर वेळ. तो नको आहे.

२४ जून

आज कामावर गेलो. दार लावलं आणि सात नंबरच्या काचपट्ट्यांची पेटी काढली.

पहिली पट्टी. एक, दोन, तीन, चार, केस संपले. पाचव्या कडीवर आकडे, एकेक वेगळा, टोकावर टोपी घातलेला, जसा पुस्तकात छापतात तसा. सोज्वळ. दुसरी पट्टी, सोज्वळ. तिसरी, सोज्वळ. चौथी गटारी निघाली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटते. मग पुन्हा सोज्वळ.

दुपारचं जेवण केलं नाही. चार वाजता बेरीज केली. गटारी नऊ. सोज्वळ बत्तीस.

माझ्या पिवळ्या धुक्यात सगळंच केसाळ दिसत होतं. आणि मी त्या बाईला वास कुठल्या रकान्यात लिहू म्हणून विचारलं.

२७ जून

तीन दिवस मागच्या दोन वर्षांच्या पट्ट्या काढून बसलो. जिथे जिथे बाईंनी माझा आकडा बदलला तिथे तिथे त्या बरोबर आहेत. एकाही ठिकाणी त्यांनी उगाच हात लावलेला नाही.

खरं लिहायचं तर मी त्यांची एक तरी चूक शोधत होतो. आणि सापडली! गेल्या नोव्हेंबरमधला दोन नंबर. त्यांनी चौदा लिहिलेत, किडे ठेवलेल्या कुपीत तेरा. तीनदा मोजले, तेरा. उठून खोलीत एक फेरी मारली, इतका आनंद झाला. मग बूच परत लावताना दिसलं, चौदावा बुचाच्या आतल्या बाजूला चिकटून सुकला होता.

खुर्चीत बसून राहिलो. एवढ्याशा किड्याने मला माझी लायकी दाखवली. सबंध दोन वर्षं त्या माझ्या सहीच्या वर खरे आकडे लिहीत होत्या, म्हणजे माझी सही खोटी पडू नये म्हणून. आणि मी दीड पानाची तक्रार लिहिली. शुद्धलेखन तपासून.

२८ जून

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"अहवाल जाऊन दोन महिने झाले. आता तो मागे घ्यायचा म्हणजे कारण द्यावं लागेल."

"देतो. मला दिसत नव्हतं."

"तुमची चौतीस वर्षांची अब्रू आहे. आठ-नऊ महिन्यांनी तुम्ही निवृत्त. कशाला वेशीवर टांगता?"

मी म्हटलं, "साहेब, तिची नव्हती का अब्रू?"

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वाईट माणूस नाही. म्हणाले, लेखी द्या. मी तिथेच बसून लिहून दिलं: गेल्या दोन वर्षांतली माझी ओळख ग्राह्य धरू नये, पक्की प्रत बरोबर होती, ती करणाऱ्या बाईंवरचा आरोप निराधार होता, तो मी केला होता. या वेळी अर्धं पान पुरलं. बाईंना परत घ्यायला साहेब तयार आहेत. "तुम्ही स्वतः जाऊन सांगा," म्हणाले.

बंदराने सात नंबरवर गाळ टाकायला ऑक्टोबरपासून सुरुवात केली असती. आता परवानगी थांबेल. तेवढं तरी वेळेत झालं.

५ जुलै

बाईंच्या घरी जाऊन आलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पत्ता कचेरीच्या नोंदीतून घ्यावा लागला, मला माहीतच नव्हता.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "नाही म्हणाल्या." पुढचं हिला सांगता आलं नाही. इथे लिहितो.

तिसरा मजला, दोन खोल्या. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली, हेही मला आज कळलं. तेव्हा त्यांनी चार दिवस रजा घेतली होती आणि पाचव्या दिवशी ताटं तुंबली म्हणून मी कुरकुर केली होती. ते मला आठवलं. त्यांनाही आठवत असणार. टेबलावर बियाण्यांच्या पुड्या होत्या. एका बियाण्याच्या कंपनीत लागल्यात. बियांतून कचरा वेचायचा, मोजायचा, नोंद करायची. "कामं सगळी सारखीच, सर. इथे वास नाही एवढंच."

मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मोतीबिंदू, नऊ आणि बत्तीस, बुचाला चिकटलेला चौदावा. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. "तो मी बुचावरच मोजला होता," म्हणाल्या.

म्हटलं, "माझं चुकलं, बाई. हात जोडून सांगतो."

"हात नका जोडू. बसा."

बसलो. विचारलं, "मला आधी सांगितलं का नाहीत?"

"तीनदा सांगितलं. दोनदा तुम्हाला, एकदा वहिनींना फोन करून."

ही मला बोलली नव्हती. कदाचित बोलली असेल आणि मी ऐकलं नसेल.

"मग साहेबांसमोर का नाही बोललात? एका वाक्यात सुटला असतात."

"काय बोलायचं? सरांना दिसत नाही? तुमच्यासमोर, साहेबांच्या तोंडावर? दुसऱ्या दिवशी तुम्हाला घरी बसवलं असतं. तुम्ही किड्यांशिवाय काय केलं असतं, सर?"

त्यांनी चहा आणून ठेवला. तो घेता घेता मी म्हटलं, साहेबांनी लिहून दिलंय, तुमची जागा तुमचीच आहे, पक्क्या प्रतीवर आता तुमचंच नाव घालायचं ठरलंय, सोमवारपासून या.

"नाही, सर."

"राग आहे माझ्यावर?"

"राग कधीच गेला." पुड्या एकावर एक रचत त्या बोलत होत्या. "नोकरीचंही काही नाही, दुसरी मिळाली. पण सव्वीस वर्षं तुम्ही माझ्यावर ओरडलात. बाटली फुटली, ओरडलात. चिठ्ठी चुकली, ओरडलात. एकदा तर चिमटा जागेवर नव्हता म्हणून. मी घरी येऊन आमच्या यांना सांगायचे, सर ओरडतात म्हणजे मला आपल्यातलं समजतात. परक्यावर कोण ओरडतं? त्या दिवशी तुम्ही वही खिडकीत नेऊन वाचलीत, मी दारातून बघितलं. म्हटलं, आता कळलं सरांना. आता ओरडतील, आणि मग मी सगळं सांगेन. जेवून मुद्दाम लवकर आले. ताट ओढून बसले, वाट बघत." त्यांनी शेवटची पुडी वर ठेवली. "तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या शेजारून उठून वर निघून गेलात."